पेल्याखालची बशी

आमच्या घरात दोन मराठी बोलल्या जायच्या. एक बाबांची आणि एक आईची. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. जे असेल ते म्हणायचं, एकदाच म्हणायचं आणि मग त्यावरून हलायचं नाही, अशी त्यांची बोली. आईचं माहेर चांदवडच्या पलीकडचं एक खेडं. तिच्या बोलण्यात सरळ रस्ता असा नव्हताच, सगळ्या पायवाटा. पोचायची ती बरोब्बर, पण तुम्हाला तिच्या मागून चालावं लागायचं.

बांगडी फुटली की आई म्हणायची, "बांगडी वाढवली." बाबा पेपरातून डोकं वर काढायचे आणि म्हणायचे, "फुटली म्हण. काच आहे, फुटायचीच." आई बाजाराला निघाली की दारातून सांगायची, "येते हं." बाबा म्हणायचे, "जाते आहेस तर जाते म्हण. येशील तेव्हा येते म्हण." दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. हे सगळं ऐकलं की बाबांच्या कपाळावर आठी पडायची. आम्ही बौद्ध. धर्म बदलला तेव्हा बाबा ऐन तारुण्यात होते आणि त्या जोशात त्यांनी घरातून शुभ-अशुभ, पंचांग, मुहूर्त असं जे जे हाताला लागलं ते बाहेर काढलं होतं. आईनं त्यांना कधी अडवलं नाही. फक्त एकदा ती म्हणाली होती, "देव सोडले, आता बोलणं बी सोडू काय?" आणि आईची 'येते' घरात राहिली ती राहिलीच.

'नाही' हा शब्द तर आईच्या तोंडी मी जवळजवळ ऐकलाच नाही. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली आणि डब्यात साखर नसली, तर आई म्हणायची, "आता दुकानातच निघाले व्हते, तुमची बी घेऊन येते." आणि खरंच पायात चपला सरकवून निघायची. आम्हा भावंडांना तिचं बोलणं उलगडायची सवय झाली होती. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू की' म्हणजे उद्या परत विचार. 'बघते ना' म्हणजे हो, पण बाबांना सांगू नको. एवढ्याशा 'की' आणि 'ना'वर आमच्या सहली, सिनेमे आणि नवे फ्रॉक ठरायचे. बाबांना मात्र एकाच घरात राहून हे कधी जमलं नाही. ते 'बघू' ऐकायचे आणि खरंच वाट बघत बसायचे.

हे असं सुखानं चाललं होतं, तोवर माझ्या लग्नाचं निघालं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माझं बी.ए. झालं होतं, पुढे बी.एड. करून शाळेत शिकवायचं हे मी मनाशी ठरवलं होतं, आणि त्याला हरकत नसलेला माणूस हवा एवढीच माझी अट होती. लग्नाला माझा विरोध नव्हता. विरोध होता तो कुणीही पुढे उभं केलं की मान डोलावण्याला. माझा स्वभाव मुळात तापट. लहानपणी मी नको असलेली भाजी ताटाबाहेर ठेवायची, ती ताटात परत आली की परत बाहेर ठेवायची.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. शेतकरी घरातले, पण आता इथं नाशकातच द्वारकेला दुकान. संध्याकाळी ओट्यावर बाबांशी गप्पा मारायला यायचे. एकदा त्यांनी बाबांना विचारलं, "साहेब, तुमच्यात पत्रिका बघत नाहीत. मग तुम्ही नाही कसं म्हणता?"

बाबांना प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे असं बघा," ते म्हणाले, "आमच्यात मुलगा आवडला नाही, घर आवडलं नाही, सासू खाष्ट दिसली, काहीही असो. आम्ही म्हणतो, पत्रिका जुळत नाही. संपलं. दोष ग्रहांच्या माथी. उद्या बाजारात भेटलं तरी रामराम आहेच."

"आम्ही म्हणू, मुलीला पसंत नाही," बाबा म्हणाले.

शेजाऱ्यांनी बाबांकडे कीव केल्यासारखं बघितलं. "असं म्हणालात तर दुसरं स्थळ दारात यायचं नाही साहेब."

बाबांना हे लागलं, कारण ते खरं होतं. आमची माणसं नाशिकभर आणि आजूबाजूच्या तालुक्यांत विखुरलेली, पण सगळी कुठून ना कुठून एकमेकांची पाहुणी. तोंडावर मारलेला नकार चार घरं फिरून सवाई होऊन परत यायचा. बाबांनी पंचांग अडगळीत टाकलं तेव्हा त्याच्याबरोबर न दुखावता नाही म्हणायची एक सोयही गेली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि ही झाली मोठ्यांची अडचण. मुलीची अडचण वेगळीच होती. बघायला माणसं आली की मुलीनं पोहे घेऊन जायचं, बसायचं, खाली बघायचं. जिला मुलगा आवडलाय तीही खाली बघते आणि जिला तो मेला तरी नकोय तीही खाली बघते. दोघींचं खाली बघणं सारखंच दिसतं. मग मोठी माणसं म्हणतात, काही बोलली नाही म्हणजे हो आहे. पाहुणे बसलेले असतानाच बोलणी पुढे सरकतात, कधीकधी तिथल्या तिथे साखर वाटली जाते, आणि मागाहून आत येऊन मुलीला कुणी विचारलंच तर त्या विचारण्याला काही अर्थ उरलेला नसतो.

यावर तोड काढली आईनं. कार्यक्रमात पोहे आधी जातात आणि चहा नंतर. पोहे देताना मुलगी मुलाला बघते, आत येते, आणि मग चहा ओतला जातो. मधल्या त्या वेळात मुलीला काय वाटलं ते चहाबरोबर बाहेर जाऊ शकतं, हे आईच्या डोक्यात आलं. ती बाबांना म्हणाली, "चहा एका भांड्यातून आला तर हो समजा. दुसऱ्यातून आला तर बोलणी आवरा. पाहुण्यांना काय बी कळायचं नाय."

बाबा ताडकन उठून उभे राहिले. "नाही. भांड्यानं बोलायचं नाही. माझ्या घरात नाही."

ते का, हे आम्हाला ठाऊक होतं. बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावात चहाचं एक दुकान होतं. आमच्या माणसांसाठी बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असायचा. तो आपण घ्यायचा, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाला की आपणच धुऊन परत उपडा घालायचा. "तो दुकानदार तोंडानं कधी वाईट बोलला नाही," बाबा सांगायचे. "ये रे, बस रे, कसा आहेस रे, सगळं करायचा. उरलेलं तो कप बोलायचा." म्हणून आमच्या घरात कपाचा टवका उडाला की बाबा त्याला दिवसभरही घरात ठेवायचे नाहीत. तिथल्या तिथे बाहेर. आईचा जीव त्यात तुटायचा. ती फक्त बशी ठेवून घ्यायची. बशी कुठं फुटली होती? त्यामुळे आमच्या फळीवर कप नसलेल्या बशांची ही चळत झाली होती, वेगवेगळ्या काठांची.

बाबा उभेच होते. आई म्हणाली, "म्हनूनच सांगते. हो असंल तर रोजच्या कपबश्या. नाय असंल तर नवे पेले. ज्याला नाय म्हनायचं त्याचा मान जास्त ठेवायचा."

नवे पेले म्हणजे स्टीलचे. बोहारणीला जुने कपडे घालून घेतलेले, आणि त्या कपड्यांत बाबांची एक धड पँटही गेलेली. घरातलं सगळ्यात भारी भांडं तेच. बाबा हळूहळू खाली बसले. त्यांनी बराच वेळ विचार केला. "म्हणजे कमी-जास्त काही नाही," ते म्हणाले. "नुसती खूण."

"तसं धरा," आई म्हणाली.

आता राहिला शब्दांचा प्रश्न. पेले आले की बाबांनी म्हणायचं, "विचार करून कळवतो." हे सगळ्यांनाच समजतं. कळवतो म्हणजे कळवत नाही. कपबश्या आल्या तर म्हणायचं, "मग आम्ही कधी यायचं तुमच्याकडे?" बाबांना 'कळवतो' पचेना. मनात नाही असताना कळवतो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. आई म्हणाली, "खोटं कुठं हाय? कळवा की मग." बाबांनी ते शब्दशः घेतलं.

पहिला मुलगा आला तो पोहे संपेपर्यंत स्वतःच्या स्कूटरबद्दल बोलला. किती किलोमीटर देते, कुठे नेली, कुणाला बसवत नाही. मी आत येऊन पेले मांडले. स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा धरायचा म्हणजे काय असतं हे ज्यानं धरलाय त्यालाच ठाऊक. तो बिचारा या हातातून त्या हातात करत होता आणि तोंडानं म्हणत होता, "पेले छान आहेत." बाबा गंभीरपणे म्हणाले, "विचार करून कळवतो." आणि पुढच्या रविवारी सायकल काढून ते नाशिकरोडला त्या माणसांच्या घरी गेले आणि सांगून आले, की मुलीच्या मनात नाही. कळवतो म्हणून खरोखर कळवायला आलेला माणूस त्या घरानं पहिल्यांदाच बघितला असावा. त्यांनी बाबांना जेवायला ठेवून घेतलं.

पुढे मी शाळेत भाषा शिकवली, बरीच वर्षं शिकवली. मुलांना शब्दांबद्दल सांगताना मला नेहमी आमची फळी आठवायची. पेल्याचा अर्थ पेल्यात नव्हता. शेजारी कप होता आणि तो मी घेतला नाही, यात होता. ज्या घरात एकाच तऱ्हेचं भांडं आहे तिथं भांडं मुकं असतं. बोलायचं तर निदान दोन लागतात.

मग पेठचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. निरोप होता, आम्ही चौघं येतो. आमच्या लोकांत चौघं म्हणजे काय, हे आईला माहीत नसेल असं नाही, पण तिनं तरी किती माणसं धरायची? मुलगा, त्याचे आईवडील, मामा, मामी, मामीची बहीण, तिची पोरं, आणि वाटेत भेटला म्हणून घेतलेला एक ओळखीचा. पोह्यांना आईनं आतल्या आत आणखी कांदा चिरला.

मदतीला आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, सटाण्याकडे दिलेली. तिच्या बोलण्यात तिकडचं अहिराणी वळण पुरतं मुरलं होतं. आत्या कामाला वाघीण, पण तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, म्हणून कपांची आणि पेल्यांची भानगड तिला कुणी सांगितली नव्हती.

मी पोहे घेऊन गेले. मामांनी सुरुवात केली. शिवण येतं का? विणकाम? स्टोव्हवर भाकरी जमते का, तिकडं पेठला गॅस नाही हं. मी खाली बघून हो-हो करत होते आणि आतल्या आत तापत होते. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मामा, यातलं मला काय काय यायला पाहिजे तेही एकदा सांगून ठेवा." हळूच म्हणाला, मामांना दुखावून नाही. मामा हसले. मी वर बघितलं. सावळा, किरकोळ, चष्मा जरा खाली घसरलेला. बाबांनी विचारलं, "मुलीला पुढं शिकायचंय, तुमचं काय म्हणणं?" तर तो म्हणाला, "शिकू दे की. आमच्या शाळेत मास्तर कमीच आहेत." रिकाम्या ताटल्या उचलायच्या माझ्याकडून राहूनच गेल्या. आत आले तेव्हा माझं ठरलेलं होतं. इतकं लख्ख ठरलेलं मला पुन्हा आयुष्यात फार वेळा वाटलं नाही.

मुलाच्या आईनं माझ्या आईला बाहेर बोलावून शेजारी बसवून घेतलं होतं. स्वयंपाकघरात मी आणि आत्या. मी म्हटलं, "आत्या, चहा कपातून हं. कपबश्यांतून." ती म्हणाली, "बरं, बरं." आणि नेमकं त्यांच्यातल्या एका लहानगीला मागे मोरीकडे न्यायचं निघालं. मी तिला घेऊन गेले. परत आले तोवर आत्या चहा देऊन आली होती आणि कपाळाचा घाम पुसत होती.

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सगळ्यांच्या हातात कपबश्या. मामांच्या, मामींच्या, त्या वाटेत भेटलेल्या माणसाच्यासुद्धा. आणि मधोमध मास्तरांच्या हातात स्टीलचा पेला.

"आत्या, त्यांना पेल्यात का दिला?"

"कप कमी पडले," आत्या म्हणाली. "मंग म्हटलं, नवरदेव शे तो. त्याले चांगलं भांडं नको का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या हिशेबानं तिनं पंगतीतला सगळ्यात मोठा मान दिला होता. पण बाबा तिच्या हिशेबानं वाचत नव्हते. बाबा बाकी कुणाकडे बघतच नव्हते, फक्त त्या पेल्याकडे. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्यांनाही मुलगा आवडला होता, हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ होतं, आणि आता तो चेहरा उतरला होता. बोलणं थांबलं. मामा मघाशीच सांगून चुकले होते, की उद्या चांदवडला आणखी एक मुलगी बघायची आहे. बाबांनी आपला कप खाली ठेवला, चष्मा काढून त्याची घडी केली.

"बरं मग," बाबा म्हणाले.

ही त्यांची 'कळवतो'च्या आधीची पायरी. तो शब्द एकदा तोंडातून गेला की गेला. बाबांनी बोललेलं मागे घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढच्या रविवारी ते सायकल घेऊन... नाही, पेठला एसटीनं जाऊन माझ्या मनात नाही असं प्रामाणिकपणे सांगून आले असते. मी फळीकडे वळले. कप एकही नव्हता. टवका उडालेलासुद्धा नव्हता, आणि असता तरी तो मी त्या माणसाच्या हातात दिला नसता. होत्या त्या नुसत्या बशा. मी वरची एक उचलली आणि बाहेर गेले.

बोलावल्याशिवाय मुलगी दुसऱ्यांदा बाहेर येत नाही. मी गेल्याबरोबर सगळे बघायला लागले. मास्तरांनी रुमाल काढून त्यात पेला धरला होता आणि तरी त्यांची बोटं लाल झाली होती. मी पुढे झाले.

"पेला तापलाय. बशी घ्या."

आवाज माझ्या मानानंही जरा मोठाच लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बशी घेतली, तिच्यावर पेला ठेवला आणि रुमाल खिशात घातला.

"बरं झालं," ते म्हणाले.

बाबांचं 'बरं मग' तसंच हवेत लटकत होतं. त्यांनी पेल्याकडे बघितलं. पेल्याखालच्या बशीकडे बघितलं. अशी खूण ठरलेलीच नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी मी खाली बघितलं नाही. बाबांनी चष्म्याची घडी उलगडून तो परत डोळ्यांवर चढवला.

"बरं मग," ते म्हणाले, "आम्ही कधी यायचं तुमच्याकडे?"

आईनं पदर तोंडाला लावला. मी आत आले तशी आत्या मला म्हणाली, "पेल्याखाली बशी कुनी देतं का, येडी पोर." तिला आम्ही पुढेही काही सांगितलं नाही. तिनं ही गोष्ट तिकडे सटाणा-बागलाणभर केली असती.

लग्नानंतर नवऱ्यानं मला त्यांच्या बाजूचं सांगितलं. त्यांच्या घरातही खूण ठरलेली होती म्हणे. मुलगी पसंत नसली तर त्यानं खिशातून रुमाल काढायचा. हातात निखाऱ्यासारखा पेला आल्यावर त्यानं रुमाल काढला आणि पलीकडे त्याच्या आईनं मान खाली घातली. म्हणजे एका गरम पेल्यानं दोन्हीकडून नकार दिला होता आणि आम्ही दोघं मधल्या मधे हो म्हणून बसलो होतो. आता हे खरं की मला खूश करायला त्यानं मागाहून रचलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. तो मास्तर माणूस, उदाहरण नीट बसत नसलं की बसवतो. पण सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

बी.एड. झालं, नोकरी लागली. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलीला घेऊन नाशिकला माहेरी आलो होतो. बाबा निवृत्त झाले होते. धाकट्या भावासाठी मुली बघणं चालू होतं, त्यावरून दुपारी बोलणं निघालं आणि फिरत फिरत पेल्याच्या गोष्टीवर आलं. ती गोष्ट आमच्याकडे निघाली की प्रत्येकजण आपापला भाग सांगतो. बाबा 'बरं मग' म्हणून दाखवतात, नवरा बोटं फुंकून दाखवतो. आई हसत होती. मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत होती.

मला सहज वाटलं म्हणून मी विचारलं, "आई, तुला बघायला आले तेव्हा ही युक्ती असती तर? तू काय दिलं असतंस बाबांना? कप की पेला?"

मला वाटलं ती म्हणेल, बघू की. किंवा असंच काहीतरी, आणि मग आम्ही ते उलगडत बसू. तिचा हात तांदळात थांबला.

"आमच्या घरी कप नव्हते," आई म्हणाली. "जर्मनच्या वाट्या व्हत्या. समद्यांना त्याच."

इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती. नवऱ्यानं फुंकायला धरलेली बोटं खाली घेतली. ज्या बाईनं माझ्यासाठी दोन भांडी शोधली, तिच्या वाट्याला एकच आलं होतं. तीही खाली बघत बसली असेल, आणि समोरच्या माणसांनी, त्यांत बाबांनीही, त्याचा नेहमीचा अर्थ लावला असेल. आणि हे तिनं कधी कुणाला ऐकवलं नाही, आम्हालाही नाही. ती फक्त बशा साठवत राहिली.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. जे विचारायचं ते एकदाच विचारायचं, हा त्यांचा जन्माचा नेम.

"आता आहेत ना कप," ते म्हणाले. "आता सांग."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. आधी तिला वाटलं असावं की ते थट्टा करताहेत. पण बाबांना थट्टा येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं ताट बाजूला ठेवलं, मांडीवरचा कोंडा झटकला आणि उठली.

"इचार करून कळवते," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही सगळे खो खो हसलो. माझी मुलगी काही न कळता हसली. बाबा हसले नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकून ताठ बसले, बघायला आलेली मुलं बसायची तसे, आणि स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत राहिले. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. चहाला नेहमीपेक्षा उशीर लागला, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

चहा आला. आम्हा सगळ्यांना कपांतून. बाबांचा तिनं शेवटी वेगळा आणला. स्टीलचा पेला होता, त्या जुन्यांतलाच, एका बाजूला पोचा आलेला. आणि त्याच्याखाली बशी होती, निळ्या काठाची, जिचा कप बाबांनी कधीतरी फेकून दिला होता.

बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. बराच वेळ तशीच धरून बसले. मग पेल्याला बोट लावून पाहिलं.

"तापलाय," ते म्हणाले.

"म्हनून तर बशी दिलीय," आई म्हणाली.